रात्री नऊचं भांडण आणि दहा सेकंदांचा भाव

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच शंकेभोवती फिरत होती: प्रेक्षक-वाचक ओढण्याची चढाओढ चालू असताना बातमी निःपक्षपाती राहू शकते का? त्यांतली सहा निवडली आहेत. जागेअभावी पत्रं आटोपशीर केली आहेत. उत्तरं मात्र जिथे लांबायला हवी होती तिथे लांबली आहेत.

सोलापूरहून एक निवृत्त बँक कर्मचारी विचारतात: रात्री नऊला कोणतंही मराठी न्यूज चॅनेल लावा, तीच चार माणसं, तेच भांडण. स्पर्धा आहे म्हणतात, मग एखादं चॅनेल वेगळं काही का दाखवत नाही?

किराणा दुकानदार वेगळा माल ठेवतो, कारण पैसे गिऱ्हाईक देतं. न्यूज चॅनेल तुम्हाला जवळपास फुकटात दिसतं. उलट केबलवर बऱ्या जागी दिसावं म्हणून चॅनेललाच केबलवाल्याला पैसे मोजावे लागतात. सेट-टॉप बॉक्स सुरू केल्याबरोबर आपोआप जे चॅनेल लागतं, ती जागासुद्धा विकत मिळते. कमाई येते जाहिरातदाराकडून, आणि त्याला दहा सेकंदांच्या तुकड्यांत वेळ विकला जातो. केबल टीव्ही नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटं, त्यांतली १० जाहिरातींना आणि २ चॅनेलच्या स्वतःच्या प्रसिद्धीला. म्हणजे तासाला ६० तुकडे. ते साठ तुकडे काय भावाने जातील, हे टीआरपीवर ठरतं.

हा आकडा निघतो कसा, ते पाहिलं की सगळ्यांचं नऊ वाजता एकच का चाललेलं असतं ते कळतं. मोजणी करते बार्क ही संस्था, २०१५ पासून. चॅनेलच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. निवडक घरांत बसवलेला मीटर ती ओळखतो आणि मिनिटामिनिटाला नोंद करतो. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एकेक बटण नेमून दिलेलं असतं. टीव्हीपुढे बसताना ते दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. २०२० मध्ये देशात टीव्ही असलेली घरं होती सुमारे २१ कोटी आणि मीटर होते सुमारे ४४ हजार. एका मीटरमागे जवळजवळ पावणेपाच हजार घरं.

मालिकांसाठी एवढे मीटर चालून जातात. बातम्यांचा प्रेक्षक मुळात थोडा, त्यात एका भाषेचा आणि एका वेळेचा वेगळा काढला की हातात फारच कमी घरं उरतात. समजा, एका बाजारपेठेत ६०० मीटर आहेत आणि नऊच्या ठोक्याला त्यांतल्या २४ घरांत मराठी बातम्या चालू आहेत. पहिल्या चॅनेलवर ९, दुसऱ्यावर ८, तिसऱ्यावर ७. आता पहिल्याकडची फक्त दोन घरं तिसऱ्याकडे गेली, की आकडे होतात ७, ८, ९. तळाचा वर, वरचा तळाला. (प्रत्यक्षात आकड्यांना भारांक लावतात, पण नाजूकपणा हाच.) या दोन घरांपायी संपादकाला मार्केटिंगवाल्यांपुढे उत्तर द्यावं लागतं. अशा खेळात वेगळं काही करणं म्हणजे असलेली सात-आठ घरंही पणाला लावणं. म्हणून शेजारचा जे दाखवतो तेच जरा जास्त आवाजात दाखवायचं, एवढाच मार्ग सुरक्षित वाटतो.

दुसरं कारण खर्चाचं. पीकविम्याची बातमी धडपणे करायची तर बातमीदार, कॅमेरामन, गाडी आणि दोन दिवस लागतात. शेतकऱ्यांचे बाईट (कॅमेऱ्यापुढचं बोलणं), कृषी अधिकाऱ्याचा बाईट, विमा कंपनीचं म्हणणं एवढं जमवल्यावर पडद्यावर चालतात अडीच मिनिटं. चर्चेला चार पाहुणे घरून व्हिडिओ कॉलवर येतात, चार खिडक्या उघडतात आणि ब्रेक धरून तासाभराची सोय होते. पाहुणे निवडतानाही विषय कोणाला कळतो यापेक्षा एकमेकांचं बोलणं कोण तोडेल याला महत्त्व. विषयाचा खरा अभ्यासक बोलावलाच, तर त्याच्या वाट्याला चाळीस सेकंद, तीही ब्रेकच्या तोंडावर. ‘आम्ही दोन्ही बाजू ऐकवल्या’ असं वर सांगता येतं. पण दोन प्रवक्ते ओरडले म्हणून विमा मिळाला की नाही, हे कुठे कळलं?

मोजणी बंद पडली तर हे थांबेल का? तेही होऊन गेलं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मीटर असलेल्या काही घरांना ठरावीक चॅनेल लावून ठेवण्यासाठी पैसे दिले गेल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला. त्याच महिन्यात बार्कने न्यूज चॅनेलांचे आकडे देणं थांबवलं. ते परत सुरू झाले मार्च २०२२ मध्ये. (खटला नंतर मागे घेण्यात आला, तो भाग निराळा.) त्या जवळपास दीड वर्षात रात्रीच्या चर्चा चालूच राहिल्या. आकडा गेला तरी खर्चाचं गणित तेच होतं. आकडे परत आले तेव्हा एक बदल मात्र बरा झाला: बातम्यांसाठी एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांची फिरती सरासरी देऊ लागले. त्यामुळे एका रात्रीच्या आरडाओरड्याचं मोल थोडं उतरलं. आमच्या मते दुखणं स्पर्धेपेक्षा मोजपट्टीत जास्त आहे. मिनिटावर मोजाल तर मिनिटापुरती बातमी मिळणार.

नाशिकहून पत्रकारितेचा विद्यार्थी: आमचे सर म्हणतात, वस्तुनिष्ठता हे थोतांड आहे. दर्पण, केसरी यांना ठाम मतं होतीच. मग आम्ही नेमकं शिकायचं काय?

सरांचं अर्धं बरोबर आहे. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण काढलं ते लोकांना शहाणं करण्यासाठी. केसरी १८८१ चा. आगरकरांचं टिळकांशी पटेना, तेव्हा त्यांनी केसरी सोडून १८८८ मध्ये सुधारक काढलं. यांतलं कोणीच ‘मला मत नाही’ असं म्हणत नव्हतं. पण सुधारक हातात घेणाऱ्याला आपण कोणाचं वाचतोय ते पहिल्या पानाआधीच ठाऊक असे. आजची अडचण मत असण्याची नाही. मत बातमीचे कपडे घालून येतं, ही आहे.

वस्तुनिष्ठता माणसाच्या मनात शोधू नका, ती कामाच्या रीतीत असते. डॉक्टरला पेशंट आवडतो की नाही यावर थर्मामीटरचा आकडा बदलत नाही, तसं. रीत साधीच आहे. आरोपाला एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार हवेत. एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवरची दोन माणसं हा एकच आधार. कागद असेल तर तो स्वतः पाहायचा, त्याचा फोटो नव्हे, आणि त्याचा जावक क्रमांक नोंदवायचा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करायचा, पण पान छपाईला सोडायच्या दहा मिनिटं आधी नाही. ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य किती वाजता आणि किती वेळा फोन केला ते वहीत असेल तरच लिहायचं. आणि चूक झाली तर दुरुस्ती तेवढ्याच ठळकपणे. आतल्या पानाच्या तळाशी, वधूवर जाहिरातींच्या शेजारी छापलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे.

सगळ्यात जास्त घसरण क्रियापदांत होते. एका सभेतलं एकच वाक्य घ्या: ‘निधी वेळेत आला नाही.’ मथळ्यात याचं काय होतं ते पाहा. म्हणाले, सांगितलं, दावा केला, टोला लगावला, हल्लाबोल, घणाघात, खडे बोल सुनावले. पहिली दोन बातमीची. ‘दावा केला’ तेव्हाच वापरायचं, जेव्हा खरं-खोटं तपासायचं बाकी आहे. ते एका पक्षाला नेहमी आणि दुसऱ्याला कधीच नाही असं झालं, की तुमचा कल उघडा पडला. उरलेली सगळी तमाशाच्या ढोलकीसारखी आहेत. तसंच करांचं. पाणीपट्टी वर्षाला १,८०० वरून १,९८० झाली तर ‘पाणीपट्टी १८० रुपयांनी वाढली’ ही बातमी. ‘नागरिकांच्या खिशाला कात्री’ हे मत, आणि तेही घासून गुळगुळीत झालेलं. एक सराव सुचवतो: कोणत्याही पहिल्या पानावरची सगळी विशेषणं पेन्सिलने खोडा आणि उरलेलं वाचा. काही बातम्यांत मग काहीच उरत नाही.

स्पर्धा आणि निःपक्षपणा एकत्र नांदूच शकत नाहीत, असंही समजू नका. ब्रिटनमध्ये १९५५ पासून जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही बीबीसीशी स्पर्धा करते आहे, पण बातम्यांत रास्त निःपक्षपणा पाळण्याचं बंधन तिथल्या सगळ्या प्रसारकांना कायद्याने आहे. वर्तमानपत्रांना ते नाही, आणि तिथली वर्तमानपत्रं उघड पक्षपाती आहेत. देश तोच आणि बाजारही तोच, नियम तेवढा निराळा. अमेरिकेत १९४९ पासून प्रसारकांना विरोधी मतांना जागा देण्याचा नियम होता, तो १९८७ मध्ये काढून टाकला. आपल्या केबल टीव्ही नियमांतल्या कार्यक्रम संहितेत बदनामी आणि अर्धसत्यांना मनाई आहे, पण ब्रिटनसारखं निःपक्षपणाचं बंधन तिच्यात नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याचे वार्ताहर लिहितात: मानधन नावापुरतं. जाहिरातींचं टार्गेट मात्र आहे, त्यावर कमिशन. ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची त्याच्याकडेच वाढदिवसाची जाहिरात मागायला जावं लागतं. निःपक्षपाती राहायचं कसं?

तुमच्या हाताबाहेरची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे उगाच स्वतःला दोष देणार नाही. बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा एकच माणूस ठेवणं हा मालकाचा निर्णय आहे. त्याने वाचवलेल्या पगाराची किंमत तुम्ही मोजता. बाहेरच्या वाचकाला स्पर्धा म्हणजे टीव्हीवरची आरडाओरड वाटते. तालुक्यात स्पर्धा असते ती आमदाराच्या वाढदिवसाची पुरवणी कोणाची किती पानी, याची.

ती पुरवणी जरा जवळून पाहू. पहिल्या पानावर साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली ‘विकासाचा ध्यास घेतलेलं नेतृत्व’. आत बाजार समिती, पतसंस्था, रस्त्यांचे ठेकेदार यांच्या शुभेच्छा. मधल्या जागेत लेख, तोही बहुधा साहेबांच्या कार्यालयातूनच आलेला. इथवर ती जाहिरात आहे आणि जाहिरात करण्यात काही गैर नाही. गडबड होते तीन ठिकाणी: पानावर ‘जाहिरात’ असा शब्द नसतो, अक्षराचा टाइप बातमीचाच असतो, आणि लेखावर वार्ताहराची बायलाइन, म्हणजे त्याचं नाव असतं. एवढं झालं की मंगळवारी तुम्ही साहेबांच्या रस्त्यांच्या कामावर लिहिलंत, तरी वाचक त्यात ‘पैसे कमी मिळाले वाटतं’ असंच शोधणार.

म्हणून हातात आहे तेवढं करा. पुरवणीत स्वतःचं नाव घालू देऊ नका. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘जाहिरात’ छापण्याची मागणी कार्यालयाला लेखी कळवा, ईमेल पुरे. पैसे ज्याने दिले त्याच्याच नावे पावती फाडा. साहेबांची जाहिरात ठेकेदाराच्या चेकने आली तर तीच एक बातमी असू शकते. आणि एखाद्याविरुद्धची बातमी हातात असेल तोवर त्याच्याकडे वसुलीला जाऊ नका. जिल्हा कार्यालयाला दुसरा माणूस पाठवायला सांगा. बातमी आधी आणि बिल नंतर असा क्रम एकदा लोकांनी पाहिला, की त्याला खंडणी म्हणतात आणि मग तुमच्या बाजूने कोणी उभं राहत नाही. जाहीर नोटिसा आणि निविदांवर जगणाऱ्या साप्ताहिकांची सरकारपुढे हीच कोंडी असते, फक्त तिथे साहेबांच्या जागी सरकारी जाहिराती मिळणाऱ्या वृत्तपत्रांची शासनमान्य यादी असते.

निवडणुकीत मात्र हा नुसता नीतीचा प्रश्न राहत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारे मजकूर एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः सारखे छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींपुढे ५,३७९ रुपये दाखवलेले होते. प्रकरण निवडणूक आयोगात वर्षानुवर्षं चाललं. आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. त्याआधी, २०११ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना मात्र आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं. पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा, खर्च हिशेबात न दाखवल्यामुळे अपात्र ठरलेल्या त्या देशातल्या पहिल्या आमदार.

आता जिल्हा पातळीवर माध्यम समिती बसते. मजकूर संशयास्पद वाटला तर निवडणूक निर्णय अधिकारी ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस देतो. उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर मान्य आहे असं धरून सरकारी जाहिरात दराने ती रक्कम त्याच्या खर्चात मिळवतात. समिती काय बघते? दोन पेपरांत तोच मजकूर आहे का. एकाच पानावर दोन प्रतिस्पर्ध्यांचा ‘विजय निश्चित’ आहे का. मजकुरात फक्त स्तुतीच आहे का. दुसरा प्रकार ऐकायला विनोदी वाटतो, पण दोघांनी पैसे भरले की तसंच छापून येतं.

पुण्याहून: वर्गणी घेऊन चालणाऱ्या पोर्टलांनी हा प्रश्न सुटेल का?

एक सुटेल, दुसरा येईल. जाहिरातदाराचा धाक जातो, पण वर्गणीदाराचा येतो. वर्षाची वर्गणी भरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच मताचं ऐकायला पैसे भरतो आणि एक लेख विरुद्ध गेला की नूतनीकरण थांबवतो. परीक्षा सोपी आहे. गेल्या सहा महिन्यांत या पोर्टलने स्वतःच्या वर्गणीदारांना न आवडणारं काय छापलं? एकही आठवलं नाही, तर तुम्ही भरता ती मंडळाची वर्गणी आहे.

दुबईहून एक वाचक: मोबाइलवर मराठी बातमी उघडली की मथळ्यातलं काही आत नसतंच. ‘या’ अभिनेत्याने ‘हे’ केलं, आणि शेवटपर्यंत कळत नाही कोणी काय केलं.

अवतरणातलं ‘या’ आणि ‘हे’ हा मराठी वेब डेस्कचा खास शोध. पोर्टलला जाहिरातींचा मोबदला पान किती हजार वेळा उघडलं या हिशेबाने मिळतो, वाचून समाधान झालं याचा नाही. नाव मथळ्यातच दिलं तर क्लिक जाते. डेस्कवरच्या उपसंपादकापुढे कोणती बातमी या घडीला किती जण वाचतायत याचा हलता आकडा असतो आणि शिफ्टमध्ये अमुक बातम्या द्यायच्या असं ठरलेलं असतं. मग एका पत्रकार परिषदेच्या पाच बातम्या होतात.

एक युक्ती सांगतो. बातमीच्या वेब पत्त्यातले रोमन लिपीतले शब्द वाचा. अनेक पोर्टलांवर तो पत्ता बातमी पहिल्यांदा चढवताना बनतो आणि मथळा नंतर बदलला तरी तसाच राहतो. पत्त्यात ‘पाऊस कमी होणार’ आणि मथळ्यात ‘महाराष्ट्रावर मोठं संकट’ असं दिसलं, की मधल्या तासाभरात काय झालं ते कळतं. आणि मथळ्यात प्रश्नचिन्ह असेल तर तिसरा परिच्छेद आधी वाचा. ‘अद्याप अधिकृत दुजोरा मिळालेला नाही’ हे वाक्य साधारण तिथेच दडवलेलं असतं.

म्हापशाहून: आमच्या वाड्यावरच्या एका मुलाला एका चॅनेलने थेट चोर ठरवलं. फोटो दाखवला. पोलीस तपास अजून चालू आहे. तक्रार कुठे करायची, आणि काही होतं का?

आज रात्रीच बसा, कारण मुदत कमी असते. ते चॅनेल वृत्तप्रसारकांच्या संघटनेचं (एनबीडीए) सदस्य असेल, तर पहिली तक्रार चॅनेलकडेच करायची, पहिल्या प्रसारणापासून सात दिवसांत. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या चौदा दिवसांत एनबीडीएसएकडे, म्हणजे त्याच संघटनेच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे. चॅनेल सदस्य आहे का, ते संघटनेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आधी बघा. सदस्य नसेल तर हा मार्ग बंद, मग चॅनेलच्या तक्रार अधिकाऱ्याकडून केबल टीव्ही नियमांच्या वाटेने जावं लागतं.

पत्रात ‘तुम्ही पक्षपाती आहात’ असं लिहिलंत तर ते कचऱ्यात जातं. चॅनेल, कार्यक्रमाचं नाव, तारीख, किती वाजून किती मिनिटांनी, निवेदकाचं वाक्य जसंच्या तसं, पट्टीवर लिहिलेले शब्द, फोटो किती वेळ दिसला, असं लिहा. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२१ च्या निकालाचा उल्लेख करा. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या माध्यमांच्या वागणुकीवरचा तो निकाल आहे. तपास चालू असताना आरोपीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणं, साक्षीदारांच्या मुलाखती घेणं, कथित कबुलीजबाब दाखवणं, गुन्ह्याचं दृश्य नाट्यरूपात उभं करणं यांतून चॅनेलांनी दूर राहावं असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

होतं काय? एनबीडीएसए व्हिडिओ हटवायला लावते, दिलगिरी दाखवायला लावते, दंड करते. दंडाची कमाल मर्यादा होती एक लाख रुपये, आणि ती पुरेशी नाही असं सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं. मुलाला पैशांची भरपाई हवी असेल तर बदनामीचा दावा हा वेगळा रस्ता. त्यासाठी वकील गाठा.

हीच बातमी वर्तमानपत्रात आली असेल तर प्रेस कौन्सिल. तिथेही आधी संपादकाला पत्र, त्याची प्रत जपायची, आणि दैनिक-साप्ताहिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांत कौन्सिलकडे तक्रार. मासिकांना चार महिने. याच विषयावर कोर्टात प्रकरण चालू नाही, असं लिहून द्यावं लागतं. कौन्सिल ताकीद देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, दंड नाही.

चॅनेलला आपलं प्रक्षेपण ९० दिवस जपून ठेवावं लागतं, त्यामुळे ‘आमच्याकडे ते नाही’ हे उत्तर मान्य करू नका. पण त्यावर विसंबूनही राहू नका. यूट्यूबवरचा व्हिडिओ तक्रार पोहोचली की तासाभरात गायब होतो. आधी फोनवर स्क्रीन रेकॉर्ड करा, त्यात तारीख आणि दुवा दिसू द्या, आणि मग पत्र पाठवा.